खिम्याचे समोसे आणि मास्तरांचं 'छान'

मास्तरांनी जन्मात कुणाला वाईट म्हटलं नाही. लोक याला त्यांचा चांगुलपणा म्हणतात. म्हणोत बापडे. खरं विचाराल तर हाच त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण, आणि तो एका शनिवारी त्यांना असा भोवला की विचारू नका.

मास्तर म्हणजे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं शिलाई मशीन, शेजारी कापायचं लांब टेबल आणि भिंतीला माणूसभर उंच आरसा. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर उभं राहिलं की मास्तर दोन पावलं मागे जाणार, मान तिरकी करणार आणि म्हणणार, "छान!" पोट सुटलेलं असो, खांदे पडलेले असोत, रंग शोभो न शोभो, "छान!" त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं म्हणे, चूक कात्रीला सांगायची, गिऱ्हाइकाला नाही. उस्ताद गेले, पण त्यांची शिकवण मास्तरांच्या जिभेवर ठाण मांडून बसली. आता जीभ काही दुकान बंद झाल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. ती घरात येतेच की हो. भाजी छान, भात छान, नवीन पडदे छान, जुने पडदेही छानच होते.

मास्तरीणबाई नेमक्या याच्या उलट. त्यांचं सगळं कसं रोखठोक, आणि स्वयंपाकात तर विचारायलाच नको. पातेल्यातलं चाखून बघणं हा त्यांच्या राज्यात गुन्हा होता. "चाखायला काय, कुणालाही जीभ असते," त्या म्हणायच्या. "रांधायला नाक लागतं." झाकण उचलायचं, वाफ अंगावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि मग चिमूटभर काय हवं ते टाकायचं. तीस वर्षांत ना वाटी मोजली ना चमचा. मीठसुद्धा वासावर कळतं असा त्यांचा दावा होता. तो खरा की खोटा देव जाणे, पण मीठ कधी चुकलं नव्हतं एवढं खरं.

आणि त्यांचे खिम्याचे समोसे! ते मात्र दोघांचे होते. लग्न नवं असताना मास्तरीणबाईंनी पहिल्यांदा केले, तेव्हा सारण असं झालेलं की शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. पण तेलात सोडले आणि एकेक समोसा फटाफट उलू लागला. खिमा कढईभर पसरला. बाई रडकुंडीला आल्या. मास्तरांनी कढईत वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "शिवण उसवली." मग त्यांनी उरलेलं पीठ ओढलं, पातळ पोळ्या लाटून घेतल्या, तव्यावर नुसत्या दाखवल्या, टेप लावून साडेआठ बाय अडीच इंचांच्या पट्ट्या कापल्या, मैद्याची खळ केली आणि कोटाला खिसा लावावा तशा मन लावून घड्या घातल्या. एकही फुटला नाही. त्या दिवसापासून कामं वाटली गेली ती गेलीच. आतलं बाईंचं, बाहेरचं मास्तरांचं. स्वयंपाकघरातल्या खणात अजून एक टेप असतो, तो फक्त समोशांचा. त्याने कुणाची कंबर मोजायला गेलात तर हातावर चापटी बसेल.

तर असं हे घर. दोन महिन्यांपूर्वी मास्तरीणबाईंना ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या, मग उठल्या, हिंडू-फिरू लागल्या. पण उठलेली बाई काही वेगळीच होती. गप्प गप्प. मास्तरांना टोमणे मारायच्या बंद झाल्या, म्हणजे बघा! स्वयंपाक करायच्या, वाढायच्या आणि मास्तर पहिला घास घेत असताना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायच्या.

"कसं झालंय?"

"छान!"

बाई ताटाकडे वळायच्या. जेवणात आता पूर्वीची मजा नव्हती हे मास्तरांना कळत होतं. न कळायला ते काय दगड होते? पण त्यांना वाटायचं, अशक्तपणा आहे, होईल हळूहळू ठीक. आजारातून उठलेल्या माणसाला नावं ठेवायची असतात का?

अशात बुधवारी लेकीचा फोन आला. चिंगी त्यांची एकुलती एक. नाव मोठं भारदस्त आहे, पण घरात ती चिंगीच. नोकरीसाठी लांब गेलेली, दोन वर्षं घरी फिरकली नव्हती. "आई, रविवारी दुपारी जेवायला येतेय. एकच दिवस आहे. दुसरं काही नको. समोसे कर. पन्नास. मी एकटी खाणार आहे, बाबांना सांगून ठेव."

"करते हो," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून कितीतरी वेळ तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. मास्तरांना वाटलं, आनंदाने भरून आलं असेल. ते शीळ घालत मशीनवर जाऊन बसले.

शनिवारी दोघं मिळून खाटकाकडे गेली. एरवी बाई खिमा स्वतः नाकाशी धरून बघायच्या. नापसंत असला तर खाटीक आपणहून दुसरा काढायचा, एवढा त्यांचा दरारा. या वेळी त्यांनी पुडकं मास्तरांच्या पुढ्यात ढकललं. "तुम्हीच बघा."

मास्तरांनी पुडक्याकडे नुसतं पाहिलं. "छान आहे की!"

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, आधी थोडा करून बघते, हात बसायला हवा. मास्तरांनी पुढच्या खोलीत एक पँट खालून दुमडायला घेतली. कांदा पडला, आलं-लसूण पडलं, मसाला पडला, खिमा पडला. सगळं पातेल्यात गेलं, वर झाकण बसलं. मग हळूहळू एक वास येऊ लागला आणि मास्तरांच्या सुईचा वेग मंदावला. खाली लागत होतं. वरून सगळं दिसायला नीट, पण तळाशी खिमा धरत होता. आता बाई उचलतील झाकण, आता हलवतील, असं म्हणत मास्तर वाट बघत राहिले. वास काळपट झाला, तरी आत हालचाल नाही. शेवटी ते उठून दाराशी गेले. बाई पातेल्यापासून हातभर अंतरावर, गॅसशेजारीच उभ्या राहून पीठ मळत होत्या. चेहरा शांत.

"वास सुटला का हो?" त्यांनी विचारलं.

आता सांगा, अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? गॅस बंद करावा. मास्तरांनी काय केलं? त्यांनी तोंड उघडलं आणि तीस वर्षांच्या सवयीने आतून जे यायचं तेच आलं.

"छान सुटलाय!"

त्याच क्षणाला वरच्या मजल्यावरच्या सिस्टर चप्पल वाजवत आत आल्या. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. सदऱ्याचं बटण लावून घ्यायला आल्या होत्या आणि उंबऱ्यातच नाकाला रुमाल लावून ओरडल्या, "अहो, काय जळतंय! घरात माणसं आहेत की नाहीत?"

मास्तरीणबाईंनी आधी सिस्टरकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. मग मास्तरांकडे. त्यांनी पिठाच्या हातानेच गॅस बंद केला. तळाचा खिमा कोळसा झाला होता.

सिस्टर चतुर. बटण टेबलावर ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, "तापानंतर वास गेला का तुमचा?"

बाईंनी मान हलवली. सिस्टर म्हणाल्या, "होतं असं. कुणाचा महिन्या-दोन महिन्यांत परत येतो, कुणाचा वर्षाने. कुणाचा नाहीही येत. डॉक्टरांना दाखवून घ्या, पण घाबरू नका." एवढं बोलून त्या निघून गेल्या. मास्तरांना वाटलं, त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारण मग बाई बोलायला लागल्या, आणि दोन महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

"दोन महिने मला काही म्हणजे काही कळत नाही. साबणाचा वास नाही, भाताचा नाही, तुमच्या त्या मशीनच्या तेलाचा नाही. मीठ कळतं, तिखट कळतं, बस्स. बाकी सगळं सपाट. मला वाटलं, तुम्हाला सांगावं. मग वाटलं, आधी बघावं तरी, ह्यांना कळतंय का. सोमवारी भाजीत मी लसूण घातलाच नव्हता. मुद्दाम. काय म्हणालात?"

मास्तर सदऱ्याला चिकटलेले दोरे काढू लागले.

"गुरुवारी डाळीत फोडणी नव्हती. नुसती उकडलेली डाळ, हळद आणि मीठ. काय म्हणालात?"

मास्तरांनी एक दोरा बोटाला गुंडाळला.

"तरी मी तुमच्या शब्दावर चालले होते हो! आपलं नाक नाही तर नाही, नवऱ्याचं आहे ना घरात, असं म्हणत होते. आणि तुम्ही मला सरळ खड्ड्यात घातलंत. मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?"

"अगं, मला वाटलं, तुझ्या मनाला लागेल…"

"आत्ता काय लागलं मग? खिमा?"

एरवी या बोलण्यावर दोघंही हसली असती. आज कुणी हसलं नाही. बाईंनी पातेलं मोरीत ठेवलं, त्यात पाणी सोडलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "उद्या पोरीसाठी करीन. शेवटचे. ते बिघडले तर तिला सरळ सांगून टाकीन, तुझ्या आईला आता जमत नाही. आणि मग मी या ओट्याशी पुन्हा उभी राहायची नाही. खानावळीचा डबा लावा. तोही तुम्हाला छानच लागेल."

डब्याचं मास्तरांना काही नव्हतं, ते काहीही खाऊ शकत होते, हे आता जगजाहीर झालंच होतं. पण ही बाई झाकण उचलणार नाही, डोळे मिटणार नाही, 'हे बघा, आता बोलायला लागलं' असं पातेल्याबद्दल म्हणणार नाही? मग घरात उरतंय काय? एक मशीन आणि एक आरसा! त्या संध्याकाळी त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःकडे पाहिलं. छान म्हणावं असं काही दिसलं नाही.

रविवारी सकाळी खाटकाने दुकान उघडलं तेव्हा मास्तर दारात उभे होते. दोनदा काढलेला खिमा मागितला आणि पुडकं नाकाला लावून असा लांब श्वास घेतला की खाटीक म्हणाला, "मास्तर, अत्तर नाही ते."

"कालचा शिळा होता, शिजताना वास आला," मास्तर म्हणाले.

खाटकाच्या हातातला सुरा थांबला. मास्तरांच्या तोंडून असलं वाक्य त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने मुकाट्याने दुसरा खिमा काढून दिला.

मास्तर घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. मशीनपुढचं स्टूल उचलून आणलं होतं, ते गॅसजवळ ठेवलं आणि त्यावर बसले.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"आज मी सांगतो वास."

"तुम्हाला काय कळतंय वासातलं?"

आता मास्तरांना बोलणं भाग होतं, आणि 'छान'खेरीज दुसरं बोलायचं म्हणजे त्यांच्या कपाळाला घाम. "अगं, तीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत बसून दुसरं काय केलं?" ते म्हणाले. "तू कांदा टाकलास की मी काजं करायला घेतो. सावकाशीचं काम असतं. कांद्याचा उग्र वास गेला आणि गोड आला की उठून पाणी पितो. आलं-लसूण पडलं की खिडकी उघडतो, शिंका येतात म्हणून. खिमा पडला की मशीन चालवतो, कारण तेव्हा नुसता ओला वास असतो, त्यात काही राम नसतो. आणि मसाला पडून वाफ बाहेर आली की मी मशीन बंद करतो. पुढे शिवण सरळ येतच नाही, सगळं लक्ष पोटात. मग मी हात धुतो. तू हाक मारायच्या आधी मी हात धुऊन तयार असतो की नाही? कधी चुकलोय?"

बाई लाटणं हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. खरंच, कधी चुकले नव्हते. त्यांना आपलं वाटायचं, भूक लागते माणसाला.

"आणि छान म्हणालात तर?"

"तर लाटणं आहेच तुझ्या हातात."

कांदा पडला. बाईंनी डोळे मिटले नाहीत, मास्तरांनी मिटले. "अजून उग्र आहे," ते म्हणाले. "डोळ्यांत जातोय… थांब. थांब. हां, आता पाणी प्यायची वेळ." बाईंनी आलं-लसूण टाकलं. मास्तर सटासट दोनदा शिंकले आणि बाईंच्या तोंडाची एक कड किंचित वर गेली. खिमा पडला, हलवला, झाकण बसलं.

थोड्या वेळाने बाईंनी झाकण उचललं. "बोला."

"छ…" मास्तरांनी जीभ चावली. लाटणं हललं होतं. "ओल्या सुती कापडावर इस्त्री फिरवल्यावर येतो ना, तसा आहे."

"म्हणजे पाणी आटायचंय." बाईंनी झाकण काढूनच ठेवलं, आच वाढवली. "आता?"

"आता कापड वाळलं. पण… कोरं आहे गं. धुतलेलं नाही. खळ आहे त्यात."

दुसऱ्या कुणाला हे ऐकवलं असतं तर त्याने मास्तरांना डॉक्टरकडे नेलं असतं. पण बाई शिंप्याच्या घरात तीस वर्षं नांदलेल्या. "धणे कच्चे राहिलेत," त्या पुटपुटल्या आणि आच बारीक करून परतत राहिल्या. "आता?"

"हां. आता गेली खळ."

असं चाललं. बाई विचारायच्या, मास्तर कधी अस्तर म्हणायचे, कधी लोकर, कधी 'पावसात भिजलेला कोट', आणि बाई त्याचं जिरं, मिरी, कोथिंबीर करून टाकायच्या. एकदा तर मास्तर म्हणाले, "डाव्या बाजूला जास्त येतोय," आणि बाई फिसकन हसल्या. "वासाला डावी बाजू असते होय?" त्यांनी पातेलं फिरवून ठेवलं. गॅस खरंच एका बाजूने मोठा जळत होता. मग त्या गुणगुणायला लागल्या. मास्तर दोन महिन्यांनी ते ऐकत होते.

आणि नेमका इथेच घोळ झाला. बाईंनी शेवटचा मसाला टाकला, सकाळी कुटलेला. दालचिनी नवी होती, तिखट जातीची. हाताला जुन्या दालचिनीची सवय. एरवी नाकाने तिथल्या तिथे हात आवरला असता. आज हात अंदाजाने गेला. वाफ वर आली, आणि मास्तरांना कळलं. दालचिनी पुढे, खिमा मागे. फार नाही, पण होतं.

"झालं का?" बाईंनी विचारलं. गाल आचेने लाल झालेले, केसांची बट कपाळाला चिकटलेली, डोळे पूर्वीसारखे.

मास्तरांनी त्या डोळ्यांकडे पाहिलं. "झालं," ते म्हणाले. छान म्हणाले नाहीत. पण खरंही बोलले नाहीत, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, पुढे घड्या घालताना त्यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. टेपने मापून पट्ट्या कापल्या, कोन दुमडला, सारण भरलं, कडेला खळ लावून बोटाने दाबलं. पन्नास समोसे रांगेत मांडले. एकाचंही टोक उघडं नव्हतं. बाहेरचं त्यांचं काम चोख होतं. आतलं मात्र त्यांना टोचत होतं.

चिंगी साडेबाराला आली. जिन्यातूनच तिचा आवाज. "आई! खालच्या दारापर्यंत वास येतोय!" बाईंनी दाराकडे न जाता आधी मास्तरांकडे पाहिलं. मग लेक गळ्यात पडली आणि दोघींचं हसणं-रडणं एकदमच सुरू झालं. मास्तरांनी तेवढ्यात तिच्या कोटाचं उसवलेलं अस्तर बघून घेतलं.

बाईंनी घाण्यामागून घाणा तळला. समोसे सोनेरी, कुरकुरीत, कढईत एकही उलला नाही. ताट मध्ये ठेवलं. चिंगीने पहिला उचलला, फुंकर घातली, खाल्ला. मग दुसरा, तिसरा, चौथा. बाई स्वतः न खाता पदराला हात पुसत उभ्या. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"कसे झालेत?"

"छान!" चिंगी तोंड भरून म्हणाली.

घ्या! बापाची लेक. तिला बिचारीला काय माहीत, या घरात त्या शब्दावर काल काय रामायण झालंय. बाईंचा चेहरा उतरला. तो लेकीला दिसला नाही, मास्तरांना दिसला. बाई हळूच त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही सांगा."

मास्तरांच्या हातात सहावा समोसा होता. तो त्यांनी ताटात ठेवला. आयुष्यभर कात्रीशिवाय कुणाला चूक न सांगितलेला माणूस तो. समोर लेक दोन वर्षांनी आलेली, बायकोने शेवटचे म्हणून रांधलेले. खोटं बोललं तर आजचा दिवस गोड. आणि उद्यापासून ही बाई जगात कुणाच्याच नाकावर विश्वास ठेवायची नाही. खरं बोललं तर कदाचित आत्ताच सगळं संपेल.

"दालचिनी जास्त झालीय," ते म्हणाले.

"बाबा!" चिंगीने टेबलाखालून त्यांना लाथ मारली.

"मारू नको. जास्त झालीय. खिम्याच्या पुढे पळतेय. आणि मला ते सकाळीच कळलं होतं." ते बाईंकडे वळले. "तू विचारलंस आणि मी झालं म्हणालो. भ्यालो मी. तू गुणगुणत होतीस. दोन महिन्यांनी. मला ते मोडवेना."

चिंगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. "काय चाललंय तुमचं? कुणी मला सांगेल का?"

"मला वास येत नाही गं," बाईंनी सांगून टाकलं. "ताप आल्यापासून. काहीच नाही येत."

चिंगीचा हात ताटावरच थांबला. "मग हे केलेस कसे?"

"ह्यांनी हुंगून सांगितलं. इस्त्री, खळ, अस्तर, काय वाट्टेल ते सांगत होते." असं म्हणता म्हणता बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. चिंगी उठली, आईला कवेत घेऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तीही रडली. मास्तर बसल्या जागी टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होते. त्यांना वाटलं, संपलं. आपणच संपवलं. सांगायचंच होतं तर सकाळी सांगायचं होतं, आणि नाही सांगितलं तर मग गप्प तरी बसायचं होतं.

बाईंनी पदराने तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. ताटातून त्यांनी एक समोसा उचलला, त्या दिवसातला त्यांचा पहिला. टोक मोडलं. कुर्रकन आवाज झाला. सावकाश चावून खाल्ला. मीठ कळलं, तिखट कळलं, कुरकुरीतपणा कळला. दालचिनी काही कळली नाही. त्यांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं, गिऱ्हाइकाने शिंप्याकडे बघावं तसं.

"किती जास्त झालीय?"

मास्तरांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. मग जरा लांब केली. मग पुन्हा किंचित जवळ. "निम्मी पुरली असती."

"बरं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी निम्मीच घालू. आणि पुढच्या वेळी तेव्हाच बोलायचं, जेवायला बसल्यावर नाही."

मास्तरांनी मान हलवली. एकदा नाही, तीन-चारदा. बोलायला त्यांना शब्द सुचेना, आणि जो सुचला तो त्यांनी दाताखाली धरून ठेवला. मग त्यांनी ताटात ठेवलेला सहावा समोसा उचलला आणि खाऊन टाकला.